रजिस्ट्रीतल्या जुळ्या नोंदी : खरी कुठली आणि फालतू कुठली?



मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशेजारी आम्ही दोघे लॅपटॉप उघडून बसतो, ते तुम्ही पाहिलेच असेल. येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. प्रिंटर रुसला, पासवर्ड विसरला, मराठी टाइप करताना मध्येच इंग्रजी येते. पण मागे एकदा टारनीटहून एका मावशींचा फोन आला आणि त्या फोनवरच रडू लागल्या.

झाले असे की सकाळी त्यांनी संगणक चालू केला, तर डेस्कटॉप कोरा! फोटो नाहीत, फाइली नाहीत, मागचे गणपतीचे चित्रही नाही. नवा संगणक दुकानातून आणल्यावर दिसतो तसा. आणि त्या डेस्कटॉपवर एक फोल्डर होते, ज्यात त्यांच्या यजमानांनी जाण्याआधीच्या वर्षी नातवंडांसाठी सांगितलेल्या गावाकडच्या आठवणी होत्या. कराडजवळचे गाव, विहीर, शाळा, बैलगाडीने केलेला प्रवास... सगळे त्यांच्या आवाजात. दुसरी प्रत कुठेही नाही. "फोटो गेले तर गेले रे, पण ह्यांचा आवाज तेवढा मिळेल का बघा," एवढेच त्या म्हणत होत्या.

त्याआधी आठवडाभर त्यांनी एक फुकट 'क्लीनर' चालवला होता. त्याने रजिस्ट्रीत बाराशेच्या वर 'चुका' आणि 'डुप्लिकेट नोंदी' दाखवल्या, मावशींनी घाबरून सगळ्या काढून टाकल्या. डेस्कटॉप त्यामुळेच गेला असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "भाचा म्हणतोय फॉरमॅट करून देतो." आम्ही म्हटले, "मावशी, आम्ही येईपर्यंत संगणक बंद ठेवा आणि कुणालाही हात लावू देऊ नका."

मावशींच्या घरी काय सापडले ते पुढे सांगतोच. आधी ही रजिस्ट्री काय प्रकार आहे ते पाहू, कारण 'डुप्लिकेट' हा शब्द ऐकून घाबरणाऱ्या मावशी एकट्या नाहीत.

विंडोजची रजिस्ट्री म्हणजे तलाठ्याचे दप्तर समजा. कुठला प्रोग्रॅम कुठे बसवला आहे, कुठल्या प्रकारची फाइल कशाने उघडायची, घड्याळ कुठल्या गावचे, कळफलक कुठल्या भाषेचा, कोण कोण हा संगणक वापरतो, या सगळ्याची नोंद तिथे असते. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपली वेगळी 'आयएनआय' फाइल ठेवायचा. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री अगदी छोट्या रूपात आली आणि विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्याकडे गेला.

आता ज्यांची गावाकडे थोडीफार जमीन आहे त्यांना माहीत असेल, एकच शेत दोन ठिकाणी लिहिलेले असते. सातबाऱ्यावर ते गट नंबराने सापडते, आणि आठ-अ च्या उताऱ्यावर तेच शेत खातेदाराच्या नावाखाली दिसते. म्हणून काय शेत दोन झाले? नाही. आणि 'डुप्लिकेट आहे' म्हणून कुणी त्यातला एक उतारा फाडत नाही. रजिस्ट्रीतल्या बहुतेक जुळ्या नोंदी या जातीच्या असतात.

रजिस्ट्री एडिटर उघडला की डावीकडे पाच मोठी कपाटे दिसतात. त्यातले 'एचकी करंट यूजर' हे खरे वेगळे कपाट नाहीच. शेजारच्या 'एचकी यूजर्स' या कपाटात प्रत्येक वापरणाऱ्याचा कप्पा असतो, आणि आत्ता जो बसला आहे त्याच्या कप्प्याला मारलेले ते दुसरे दार आहे. एका दाराने आत जाऊन काही पुसले की दुसऱ्या दारानेही ते पुसलेलेच दिसणार. 'एचकी क्लासेस रूट' मध्येही तसेच. संपूर्ण संगणकासाठीच्या नोंदी आणि तुमच्या एकट्याच्या नोंदी एकत्र करून दाखवलेली ती यादी आहे, आणि दोन्हीकडे एकच नोंद असेल तर तुमची चालते. 'करंट कंट्रोल सेट' आणि 'कंट्रोल सेट ००१' ही जोडी तर हुबेहूब सारखी दिसते, कारण पहिले हे दुसऱ्याकडे बोट दाखवणारे नाव आहे. कुणी 'एक तर जास्तीचे आहे' म्हणून ००१ उडवले, तर संगणक पुन्हा सुरू होईल याची आशा सोडावी.

दुसरी जोडी प्रोग्रॅमच्या यादीत दिसते. हल्लीचे संगणक ६४ बिटचे, पण जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम त्यावर चालावेत म्हणून रजिस्ट्रीत 'वाऊ ६४३२ नोड' नावाचा वेगळा कप्पा ठेवला आहे. त्यामुळे एकाच कंपनीचे नाव दोनदा दिसते. प्रोग्रॅम काढून टाकण्याच्या यादीत 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' आठ-दहा वेळा दिसते, त्याबद्दल आम्हाला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतेच. नीट पाहिलेत तर वर्षे वेगळी आहेत, आणि प्रत्येक वर्षाच्या ३२ व ६४ बिटच्या दोन आवृत्त्या आहेत. वेगवेगळ्या प्रोग्रॅमना वेगवेगळी लागते. राहू द्यात, खात नाहीत की पीत नाहीत.

आता आपल्या मंडळींच्या जिव्हाळ्याचा विषय, कळफलक. ऑस्ट्रेलियात घेतलेल्या लॅपटॉपवर 'इंग्लिश ऑस्ट्रेलिया' असते. कधीतरी त्यात 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' येऊन बसते. भारतातून आणलेला लॅपटॉप असेल तर 'इंग्लिश इंडिया'. वर मराठी. मग विंडोज आणि स्पेसबार दाबून मराठीवर जायचे म्हटले की तीन इंग्रजी स्टेशने घेत जावे लागते, आणि तेवढ्यात 'प्रिय दादा' लिहायचे सुचलेले विसरते!

इथे गंमत अशी की ऑस्ट्रेलियात कळफलक अमेरिकनच वापरतात. म्हणजे पहिल्या दोन्हींत कळा तंतोतंत त्याच. मग दोन नोंदी कशाला? कारण विंडोज भाषा आणि कळफलक या दोन गोष्टी वेगळ्या लिहून ठेवते. प्रत्येक भाषेला एक संकेतांक असतो. अमेरिकन इंग्रजी ०४०९, ऑस्ट्रेलियन ०सी०९, मराठी ०४४ई, हिंदी ०४३९. भाषा ऑस्ट्रेलियन असेल तर स्पेलिंग तपासणारा 'कलर' मध्ये 'यू' मागतो, अमेरिकन असेल तर त्याच 'यू' खाली लाल रेघ मारतो. मुलांच्या शाळेच्या निबंधात लाल रेघा दिसत असतील तर आधी हे तपासा, मुलांना ओरडू नका. 'इंग्लिश इंडिया'ची कथा आणखी वेगळी, त्या कळफलकावर उजवी ऑल्ट आणि ४ दाबले की रुपयाचे चिन्ह उमटते. ते लागत असेल तर ठेवा.

मराठीचेही दोन कळफलक दिसू शकतात आणि तेही जुळे नाहीत. एक इन्स्क्रिप्ट, जो सरकारी कचेऱ्यांत वापरला जातो. दुसरा फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे लिहायचा, जो विंडोज १० मध्ये २०१९ साली आला. घरात आजोबा इन्स्क्रिप्टवाले आणि नातू फोनेटिकवाला असेल तर दोन्ही लागतात. (विंडोज एक्सपीच्या काळात मराठीसाठी आधी एका चौकटीत खूण करून सीडी घालावी लागे, आणि ती सीडी नेमकी कुणीतरी उसनी नेलेली असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.)

खरा त्रास देतो तो 'भुताचा' कळफलक. सेटिंग्जमध्ये तो कुठेच नाही, तरी खाली कोपऱ्यात दिसत राहतो. काढायचा कसा, तो यादीतच नाही! याचे कारण रजिस्ट्रीत आहे. कळफलकांची यादी 'कीबोर्ड लेआउट' च्या आत 'प्रीलोड' नावाने असते, आणि ती दोन जागी असते. एक तुमच्या कप्प्यात, दुसरी 'डिफॉल्ट' नावाच्या कप्प्यात. ही दुसरी यादी साइन-इनच्या पडद्यासाठी वापरतात, जिथे तुम्ही अजून आत आलेलाच नसता. तुम्ही घरातला दिवा बंद केलात, पण ओसरीवरचा चालूच राहिला, तसे होते. यावर रजिस्ट्रीत न शिरता करायचा उपाय म्हणजे जी भाषा भुतासारखी दिसते ती सेटिंग्जमधून मुद्दाम जोडायची, आणि लगेच काढून टाकायची. मग प्रादेशिक सेटिंग्जमधल्या प्रशासकीय पानावर जाऊन आपली सेटिंग्ज वेलकम स्क्रीनवर उतरवायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. आमच्या अनुभवात बहुतेक वेळा एवढ्यात भूत उतरते. नंतर साइन-इनचा पासवर्ड मराठीतून उमटतो आणि 'चुकीचा पासवर्ड' म्हणतो, ही तक्रारही थांबते.

घड्याळांच्या यादीतही जुळी सापडतात. सिडनीची नोंद आणि ब्रिस्बेनची नोंद, दोन्हींसमोर दहा तास पुढे असेच लिहिलेले. नावेही गोंधळात टाकणारी. 'ऑस ईस्टर्न' म्हणजे कॅनबेरा, मेलबर्न, सिडनी आणि 'ई. ऑस्ट्रेलिया' म्हणजे ब्रिस्बेन. होबार्टची तिसरीच. फरक पोटात आहे, क्वीन्सलँडमध्ये डेलाइट सेव्हिंग नाही. मेलबर्नमध्ये राहून चुकून ब्रिस्बेन निवडलेत तर हिवाळ्यात काही कळणार नाही, आणि ऑक्टोबरचा पहिला रविवार आला की पुण्याला साडेपाच तासांऐवजी साडेचार तासांच्या हिशोबाने व्हिडिओ कॉल लावाल. सिडनी ऑलिंपिकच्या वेळी, २००० साली, डेलाइट सेव्हिंग ऑगस्टच्या अखेरीसच सुरू केले होते. तेव्हा विंडोजमध्ये सिडनीची चक्क दुसरी नोंद आली होती, 'फक्त २००० सालासाठी' अशा शेऱ्यासकट. २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी डेलाइट सेव्हिंग एक आठवडा लांबवले, २ एप्रिलपर्यंत, आणि ज्या संगणकांना ते कळवले नव्हते ते आठवडाभर एक तास चुकत राहिले. नंतर विंडोजमध्ये एकाच नोंदीखाली वर्षवार नियम लिहिण्याची सोय झाली, त्यामुळे अशी तात्पुरती जुळी आता करावी लागत नाहीत.

मग खरोखर निरुपयोगी नोंदी नसतातच का? असतात. प्रोग्रॅम काढला तरी त्याची चार चिठोरी मागे राहतात. पण रजिस्ट्री काही वहीसारखी पहिल्या पानापासून वाचली जात नाही. ज्याला जी नोंद हवी तो थेट तिथेच जातो. हजारभर मेलेल्या नोंदी पुसून संगणकाचा वेग वाढल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही. विंडोजच्या पोटातले जाणकार मार्क रुसिनोविच यांनी २००५ मध्येच या कचऱ्यावर लिहिले होते आणि त्याने वेगावर फारसा फरक पडत नाही असेच म्हटले होते. खुद्द मायक्रोसॉफ्टने नव्वदच्या दशकात 'रेगक्लीन' नावाचा क्लीनर काढला होता, तो पुढे मागे घेतला, आणि आज रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला कंपनीचा पाठिंबा नाही. हळू चालणाऱ्या संगणकाला जास्त मेमरी किंवा एसएसडी द्या, ते औषध लागू पडते.

याच भीतीवर फोनवरचे ठग पोट भरतात. ऑस्ट्रेलियात हे फोन २००९ च्या सुमाराला वाढले आणि दुर्दैवाने बोलणारे बरेचदा आपल्याकडचेच असत, त्यामुळे आपले ज्येष्ठ लवकर विश्वास टाकतात. "नमस्ते अंकल" म्हटले की अर्धी लढाई त्यांनी जिंकलेली असते. त्यांची एक युक्ती मुद्दाम सांगतो. ते तुम्हाला काळी खिडकी उघडून 'असॉक' असा शब्द टाइप करायला लावतात. लांबलचक यादी येते. तिच्या शेवटाकडे 'सीएलएसआयडी' असे लिहून ८८८डीसीए६० पासून सुरू होणारा एक मोठा क्रमांक असतो. ठग म्हणतो, "हा तुमच्या संगणकाचा गुप्त परवाना क्रमांक. बघा, मी तो वाचून दाखवतो." आणि वाचतोही बरोबर! अंकल गार. अहो, तो क्रमांक फाइल झिप करण्याच्या सोयीचा आहे आणि तुमच्या, आमच्या, जगातल्या सगळ्या विंडोज संगणकांवर तो तोच असतो. पिंपळाचे पान दाखवून 'हे तुमच्याच परसातले' म्हणण्यासारखे आहे. असा फोन आला तर ठेवून द्या. संगणकाचा ताबा दिला गेला असेल तर आधी बँकेला फोन, मग दुसऱ्याच संगणकावरून पासवर्ड बदला आणि सरकारच्या 'स्कॅमवॉच'कडे कळवा. लाज वाटून गप्प बसू नका. आपल्यात चांगले शिकलेसवरलेले लोक फसले आहेत.

तर आता मावशींच्या घरी. संगणक सुरू केला, तर कोपऱ्यात एक सूचना येऊन गेली की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने आत आला आहात. मावशींनी ती रोज पाहिली होती आणि रोज बंद केली होती. आमचा जीव मात्र थोडा भांड्यात पडला.

विंडोज सुरू होताना तुमचा कप्पा, म्हणजे 'एनटीयूजर डॅट' ही फाइल, काही कारणाने वाचता आली नाही, तर ते तुम्हाला दाराबाहेर ठेवत नाही. एक तात्पुरती खोली देते. ती अर्थात कोरी असते, आणि त्यात ठेवलेले सारे साइन-आउट होताच पुसले जाते. म्हणून अशा वेळी तिथे काहीही साठवायचे नाही. तुमची खरी खोली सी ड्राइव्हच्या 'यूजर्स' मध्ये जशीच्या तशी असते. मावशींच्या नावाचे फोल्डर तिथे होते. उघडले. आत डेस्कटॉप, डेस्कटॉपमध्ये 'आठवणी', आणि आत सतरा फाइली. पहिली वाजवून पाहिली. मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या, आणि पुढची दहा मिनिटे आम्ही दोघे उगाच खिडकीबाहेर बघत बसलो.

मग आधी ते सगळे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवले. त्याशिवाय पुढे हात लावायचा नाही, हा आमचा नियम. नंतर जावयांनी पूर्वी करून ठेवलेल्या दुसऱ्या प्रशासक खात्यातून आत गेलो आणि रजिस्ट्रीत 'प्रोफाइल लिस्ट' उघडली. आणि इथे, मंडळी, खरीखुरी जुळी नोंद होती. एस-१-५-२१ ने सुरू होणारा एकच लांब क्रमांक दोनदा. एक साधा, आणि दुसऱ्याच्या शेवटी '.बॅक' हे शेपूट.

आता तुम्हीच सांगा, यातली टाकाऊ कुठली वाटेल? कुणालाही शेपूटवालीच वाटेल, जुनी प्रत असेल म्हणून. भाच्यानेही तीच उडवली असती. पण आत 'प्रोफाइल इमेज पाथ' वाचला, तर शेपूटवाली नोंद मावशींच्या खऱ्या फोल्डरकडे जात होती आणि साधी दिसणारी 'टेम्प' कडे. तात्पुरती खोली देताना विंडोजने मूळ मालकाच्या नोंदीला शेपूट लावून बाजूला सारले होते. शेपूटवाली उडवली असती तर फाइली डिस्कवर राहिल्या असत्या, पण मावशींना नवे कोरे खाते मिळाले असते, आणि मग 'सगळे गेलेच आहे' म्हणून फॉरमॅट झालाच असता.

आम्ही 'प्रोफाइल लिस्ट'ची प्रत एक्सपोर्ट करून ठेवली. साध्या नोंदीचे नाव बदलले, शेपूटवालीचे शेपूट काढले, तिच्यातले 'स्टेट' आणि 'रेफकाउंट' हे दोन आकडे शून्य केले आणि संगणक पुन्हा सुरू केला. गणपती परत आले.

हे वाचून स्वतः रजिस्ट्री उघडायची सुरसुरी आली असेल, तर थोडे थांबा. विंडोज पूर्वी रजिस्ट्रीची प्रत आपोआप बाजूला ठेवत असे. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीपासून ते बंद केले आहे. 'रिस्टोअर पॉइंट'ची सोयही बऱ्याच संगणकांवर बंदच असते, ती आधी चालू करून एक पॉइंट करून घ्या. ज्या कप्प्याला हात लावणार तो एक्सपोर्ट करा. आणि घरातल्या संगणकावर आपल्या खात्याशिवाय एक जास्तीचे प्रशासक खाते असू द्या. मावशींच्या घरी ते नसते तर आमचे काम दुपटीने वाढले असते.

त्या सतरा फाइली आता तीन ठिकाणी आहेत, मावशींकडे, पर्थच्या लेकीकडे आणि पुण्यात दिरांकडे. तुमच्याकडेही असा एकुलता एक आवाज कुठल्या जुन्या लॅपटॉपमध्ये पडून असेल, तर पुढच्या कार्यक्रमाला घेऊन या, प्रत आम्ही करून देऊ. फक्त येताना चार्जर आणायला विसरू नका. प्रत्येक वेळी निम्मे लोक विसरतात.